फोनला न सांगितलेलं

सकाळी दहा वाजेपर्यंत धामणसरच्या त्रेचाळीस बायकांनी आपापला गुप्त शब्द गावाच्या ग्रुपवर टाकून दिला होता.

सुरुवात मंगल जाधवनं केली. ‘मैत्रिणींनो, कालच्या क्लासमधला शब्द विसरायला होतो, म्हणून सगळ्यांनी इथं लिहून ठेवा, म्हणजे वेळेला सापडेल,’ असं तिनं मोठ्या काळजीनं लिहिलं आणि खाली दोन फुलं चिकटवली. मग काय, एकीनं लिहिल्यावर दुसरी मागं राहते होय? कुणी ‘आंबेमोहर’ लिहिलं, कुणी ‘शेवगा’, कुणी धाकट्या नणंदेचं पाळण्यातलं नाव. शेवंताआत्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी आपला शब्द बोलून पाठवला, तोही तीनदा, नीट ऐकू यावा म्हणून.

उर्मिला वीरकर चुलीपुढं बसून हे वाचत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला भान नव्हतं. आदल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोन तास घसा कोरडा करून तिनं एकच सांगितलं होतं, की हा शब्द आपला आणि आपल्या माणसाचा, तिसऱ्याला कळता कामा नये. बायकांनी माना डोलावल्या होत्या. पण त्यांच्या हिशेबी ‘तिसरं’ म्हणजे परकं माणूस. ग्रुपवरच्या सगळ्या आपल्याच. कुणाच्या घरातलं मीठ संपलं, कुणाच्या सुनेला उलट्या सुरू झाल्या, हे जिथं दुपारच्या आत सगळ्यांना कळतं, तिथं एक शब्द लपवून ठेवायचा म्हणजे त्यांना दुष्टपणाच वाटला असणार.

हा २०३८ सालचा उन्हाळा. उर्मिलेचं वय सत्तेचाळीस. नवरा दत्ता दूध संघाचा टेम्पो चालवायचा. ती चारचौघींसारखी घर सांभाळणारी बाई, पण आठ दिवस तालुक्याला जाऊन शिकून आली होती आणि आता गावातल्या बायकांना फोन कसा वापरावा यापेक्षा फोन आपल्याला कसा वापरतो, हे शिकवत होती. त्यामागं एक जुनी ठेच होती.

दोन वर्षांपूर्वी धामणसरात बाटलीचं मतदान झालं होतं. शाळेच्या रस्त्यावरचं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांनी मत द्यायचं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान उठतं. जी बाई घरी बसली किंवा परगावी गेली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. यादीत सहाशे अठ्ठावीस बाया. हवी होती तीनशे पंधरा मतं, पडली दोनशे अठ्ठ्याण्णव.

त्या दिवशी सकाळपासून बायकांना फोन आले होते. माहेरचे. आई पडली, भावाला अपघात झाला, वहिनी अडली आहे, असशील तशी ये. समोर भावाचा चेहरा, त्याचाच आवाज, त्याचीच बोलायची लकब. माहेरी आई पडली म्हटल्यावर कोणती बाई मतदान करत बसेल? तिसेक जणी मिळेल त्या गाडीनं निघाल्या. उर्मिलाही त्यांच्यात होती. धापा टाकत माहेरच्या दारात पोचली, तर आई उंबऱ्यात बसून घेवडा सोलत होती. ‘काय गं, न सांगता?’ म्हणाली. परत यायला शेवटची एस.टी. मिळाली तेव्हा मतदान संपून तास झाला होता. ती रस्ताभर रडली होती.

पूर्वी गावात बहुरूपी यायचा. पोलिसाचा वेश करून दारात दरडावायचा, आणि बायका हसत हसत त्याला पसाभर जोंधळे घालायच्या. दुकानवाल्यांनी ज्या यंत्राकडून ते फोन करवले होते, त्यालाही बायकांनी तेच नाव दिलं. आवाजाची नक्कल जुनी झाली होती. तिला पाच-सहा सेकंदांचं बोलणं पुरायचं. नवं होतं ते त्याच्या पुढचं. माणूस एका शब्दामागून कोणता शब्द उच्चारेल, याचा अंदाज बांधणारं यंत्र आता एकेका माणसापुरतं घडवता येऊ लागलं होतं, तेही स्वस्तात. एखाद्यानं पंधरा वर्षांत ठेवलेली स्टेटसं, बोलून पाठवलेले निरोप, वाढदिवसाचे व्हिडिओ, कुणाच्या फोटोखाली काय लिहिलं आणि कुणाच्या फोटोखाली मुद्दाम काही लिहिलं नाही, हे सगळं त्या यंत्राला खायला घातलं की ते त्या माणसासारखं बोलू लागतं, चेहऱ्यासकट. तुम्ही विचारलं की उत्तर देतं. तुम्ही रडलात की तुमच्या भावासारखं घसा खाकरून गप्प बसतं. परत फोन लावून खात्री करावी म्हटलं, तर तेच यंत्र खऱ्या भावाच्या फोनवर एकसारखे फोन करून तो अडवून ठेवतं.

पण त्याची एक मेख होती, आणि ती उर्मिला तालुक्याहून पदरात बांधून घेऊन आली होती. बहुरूप्याला फोनमधून गेलेलं सगळं ठाऊक असतं. जे फोनमधून कधी गेलंच नाही, ते त्याच्या बापालाही ठाऊक नसतं.

यंदा पुन्हा मतदान लागलं होतं आणि हातात पंधरा दिवस होते.

दुपारी बायका चिंचेच्या पाट्या घेऊन व्हरांड्यात जमल्या. हात चिंचोके काढण्यात आणि कान उर्मिलेकडं, अशी यांची शाळा. फोन बंद करून पलीकडं एका टोपलीत ठेवले होते.

‘ग्रुपवरचं बघितलं मी,’ उर्मिला म्हणाली.

मंगल हसली. ‘चांगलं केलं ना? सगळ्यांचे एका जागी आले.’

‘लई चांगलं केलंस. बहुरूप्याला फिरायला लागू नये म्हणून वाढून ठेवलंस.’

मंगलची मान खाली गेली. उर्मिलेला तिची दयाही आली आणि रागही आला. पण राग धरून चालणार नव्हतं. दोष शब्दाचा होता. कालच बनवलेल्या शब्दाला या बायकांच्या लेखी काही किंमतच नव्हती, म्हणून तो त्यांच्या हातून सांडला.

‘शब्द राहू दे आता,’ ती म्हणाली. ‘मला सांगा, तुमच्या आणि तुमच्या आईच्या मधी, भावाच्या मधी असं काय आहे, जे फोनवर कधी बोलला नाहीत? फोटो नाही, मेसेज नाही, काही नाही.’

मग शेवंताआत्या हसायलाच लागल्या. सत्तरीची बाई, हसताना सगळं अंग हलायचं. ‘आगं पोरी, त्येच तर सगळं हाय. फोनवर काय बोलतोय आपुन? जेवलीस का, पाऊस हाय का. खरं बोलनं चुलीम्होरं व्हतं, न्हानीत व्हतं, शेतात खुरपताना व्हतं. ते कुनी फोनला सांगितलंय?’

आणि मग बायका बोलायला लागल्या. काय बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही. लिहिलं तर त्याचा उपयोगच संपला. एवढं सांगतो, की चिंच फोडून संपली, ऊन उतरलं, तरी कुणी उठायला तयार नव्हती. ज्यांना लोक ‘यांना काय कळतंय’ म्हणायचे, त्या बायकांजवळ बहुरूप्याला न मिळालेला एवढा मोठा साठा होता. असाच क्लास पंचायतीत पुरुषांचाही झाला होता. अर्धा तास डोकं खाजवून निम्म्यांचे कागद कोरे राहिले, कारण बाप्यांनी रुसवेफुगवेसुद्धा ग्रुपवरच उरकले होते.

उर्मिलेनं नियम घालून दिले. पहिला, फोन आला की एकटीनं काही ठरवायचं नाही. आधी शाळेत यायचं आणि दोघींच्या समोर विचारायचं. दुसरा, विचारलेली गोष्ट एकदाच वापरायची, कारण ती फोनवरून गेली की बहुरूप्याची झाली.

‘आणि सासरच्यांचा आला तर?’ मंगलनं विचारलं. ‘मामंजींना कसं विचारायचं, तुम्ही खरे का खोटे?’

‘पदर घेऊन विचार,’ शेवंताआत्या म्हणाल्या. ‘पर विचार.’

मंगलचं एक वेगळंच दुखणं होतं. तिचं लग्न फोनवर जमलेलं, भांडणं फोनवर, समेटही फोनवर. नवऱ्याला फोनवर न पाठवलेली एक गोष्ट तिला सापडेना. पुढच्या आठवड्यात ती आणि तिचा नवरा फोन घरी ठेवून बांधावर बसलेले दिसले. काय बोलले ते कुणालाच कळलं नाही, आणि धामणसरात असं बहुधा पहिल्यांदाच घडलं.

शबाना मुलाणी ही उर्मिलेची सगळ्यात तल्लख विद्यार्थिनी, तिशीतली. तिनं एक दिवस सहज विचारलं, ‘ताई, तुमचं आईशी ठरलं का?’

‘ठरेल,’ उर्मिला म्हणाली आणि विषय बदलला. तिच्या आणि आईच्या मधे फोनला न सांगितलेली गोष्ट होती. अडचण एवढीच होती, की ती त्या दोघींनी एकमेकींनाही कधी बोलून दाखवली नव्हती.

मतदानाच्या दिवशी नऊला पहिला फोन आला. दहापर्यंत बायका पिशव्या घेऊन एस.टी.च्या थांब्याकडं निघाल्या होत्या, पण वाटेत शाळा होती, आणि मतदानही तिथंच होतं. उर्मिला, शबाना आणि शेवंताआत्या व्हरांड्यातच बसून होत्या. एकेक बाई यायची, डोळे पुसत फोन पुढं धरायची आणि विचारायची. समोरचा भाऊ, समोरची बहीण क्षणभर थबकायची आणि मग रागवायची, ‘असल्या वेळी काय विचारतेस?’ पहिल्या दोघी-तिघी ओशाळल्या. पण पाचव्या बाईच्या भावानंही तेच, सातव्या बाईच्या बहिणीनंही तेच शब्द काढल्यावर बायकांच्या ध्यानात आलं. बहुरूप्याला उत्तर येईना की तो आपल्यालाच लाजवतो. मग कुणी ओशाळेना.

मंगल आली ती धावतच. फोनवर तिचे सासरे शेतातून बोलत होते: गाय अडलीय, मत राहू दे, लगेच ये. त्या गायीचे चार फोटो मंगलनं आठवडाभरात टाकले होते. तिनं फोन शबानाच्या हातात दिला, दोन्ही हातांनी पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघत म्हणाली, ‘मामंजी, माझ्या पहिल्या दिवाळीला आमटी खारट झाली होती. ती कुणी संपवली?’

तिच्या सासऱ्यांनी ती आख्खी पातेलीभर आमटी एकट्यानं खाल्ली होती, नव्या सुनेला कुणी बोलू नये म्हणून, आणि त्यानंतर चकार शब्द काढला नव्हता. पडद्यावरचे सासरे भुवया चढवून म्हणाले, ‘असल्या वेळी काय विचारतेस?’

मंगलनं फोन बंद केला आणि सरळ मतदानाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पंधरा दिवसांपूर्वी हिनंच सगळ्या गावाचे शब्द बहुरूप्याच्या पुढ्यात टाकले होते.

सव्वा वाजता उर्मिलेचा फोन वाजला. धाकटा भाऊ भास्कर.

‘ताई, आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय बहुतेक. दवाखान्यात आणलंय. निघ तू.’

‘आला, तुमचाबी आला,’ रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

‘भास्कर, आधी मला एक सांग,’ उर्मिला म्हणाली. ‘आपल्या दोघांत…’

‘ताई, असल्या वेळी काय विचारतेस?’

सगळा व्हरांडा खो खो हसला. उर्मिलाही हसली आणि तिचं बोट फोन बंद करायला गेलं. तिथंच ते थांबलं. दोन वर्षांपूर्वी न विचारता ती पळत सुटली होती. आता न विचारता फोन बंद करत होती. मग दोन वर्षांत ती शिकली काय? आणि चिडलेला खरा भाऊ तरी दुसरं काय बोलणार होता?

‘आईला दे,’ ती म्हणाली.

पडद्यावर आई आली. केस सुटलेले, ओठ पांढरे पडलेले. चांगुणाबाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर. ‘उर्मे,’ एवढंच म्हणाली. पण हा चेहरा तिनं स्वतः शंभरदा स्टेटसला ठेवला होता. त्या चेहऱ्यावर तिला विश्वास ठेवता येईना.

नियम तिनंच केला होता: दोघींच्या समोर विचारायचं. शबाना उजवीकडं, शेवंताआत्या डावीकडं.

‘आई, मी चौथीत होते. बाजाराला जातो म्हणून आपण दोघी निघालो आणि बाजाराला गेलोच नाही. कुठं बसलो होतो?’

आई गप्प झाली. बहुरूपीही असाच गप्प व्हायचा. व्हरांड्यातलं हसू विरलं. आईनं रागवावं असं उर्मिलेला वाटत होतं, म्हणजे सगळं खोटं ठरलं असतं आणि घरी आई खुशाल घेवडा सोलत बसलेली असती.

‘कुनाकुनाच्या म्होरं विचारतीयास?’ आई म्हणाली.

‘शबाना आहे. शेवंताआत्या आहेत.’

‘हितं भास्कर हाय, सूनबाई हाय. नर्स हाय.’ मग एका दमात बोलली. ‘स्टँडावर बसलो व्हतो. पुन्याच्या गाडीची वाट बघत. बोचकं व्हतं माझ्या मांडीवर. दोन गाड्या आल्या न गेल्या, मी चढले न्हाई. येताना तुला म्हनलं, बाला सांग, बाजारात गवार मिळाली न्हाई.’

म्हणजे हे खरं होतं. आई खरंच पडली होती.

‘तुला वाटलं आसंल, आई भ्याली,’ आई बोलतच होती, जसं काही तिला अडतीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. ‘तुझा बा पिऊन हात उचलायचा, म्हनून निघाले व्हते. भास्कर तान्हा. त्याला तुझ्या आजीनं काढून घेतला, की हिचा पाय निघू नये. त्येच्यासाठनं माघारी आले.’

शेवंताआत्यांनी पदरानं तोंड झाकून घेतलं.

‘निघते मी आई. आत्ता निघते.’

‘मत टाकलंस?’

‘नाही. सगळ्यांचं झालं की शेवटी टाकणार होते.’

‘मग टाक आन ये. मोडलेला पाय कुठं पळून जात न्हाई.’

रांगेतल्या बायकांनी न सांगता वाट करून दिली. उर्मिलेनं शिक्का मारला, इतका दाबून की चिठ्ठीच्या मागून उमटला असेल. बाहेर येऊन तिनं शबानाकडं बघितलं. तीन तास बाकी होते, फोन अजून येत होते. ‘जा तुम्ही ताई,’ शबाना म्हणाली, ‘मी बसते.’ आणि उर्मिलेच्या जागेवर बसून तिनं पुढच्या बाईचा फोन हातात घेतला. दत्तानं टेम्पो शाळेपुढं आणून उभा केला होता.

दवाखान्याच्या पायरीवर भास्कर बसलेला होता, एकोणचाळिशीचा बाप्या, डोळे लाल. ‘मला कधी सांगितलं नाही कुणी,’ तो म्हणाला. उर्मिलेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिलाही निम्मं आजच कळलं होतं.

आई खाटेवर पडून होती. पायाला वजन बांधलेलं, सकाळी ऑपरेशन. उर्मिलेला बघून ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, ‘ही माझी लेक. मास्तरीन हाय. मी खरी का खोटी ह्ये बी तपासून घेती.’ तक्रार असावी असे शब्द होते. आवाज मात्र सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा होता.

साडेसहाला शबानाचा फोन आला. उर्मिलेनं विचारायच्या आधीच तिनं दोघींच्यातली एक गोष्ट सांगून टाकली, खर्ची घातली म्हणा ना, आणि मग आकडा सांगितला. तीनशे एकाहत्तर. बाटली आडवी झाली होती. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता आणि त्यात मंगलचा आवाज सगळ्यात मोठा होता.

उर्मिलेनं आईला सांगितलं. आईनं डोळे मिटून घेतले. तिच्या कानशिलावरून पाणी उशीवर उतरलं. मग म्हणाली, ‘आसं काय तरी आमच्या वक्ताला पायजे व्हतं.’

‘आई, पण ती स्टँडवरची गोष्ट आता गेली,’ थोड्या वेळानं उर्मिला म्हणाली. ‘फोनवरून गेली ती. पुढच्या वेळी तुला काय विचारू?’

‘येवढीच हाय व्हय माझ्याजवळ?’ चांगुणाबाईंनी लेकीचा हात धरून तिला खाटेच्या कडेला बसवलं. ‘चौऱ्याहत्तर वर्सं जगलेय मी. तुमी कदी इचारलंच न्हाई. बस हितं.’

दारात उभा असलेला भास्कर आत आला आणि त्यानंही स्टूल ओढून घेतलं.